मोरवेलीचा आडोसा

तेव्हा मी पेशव्यांच्या दफ्तरात कारकून होतो. कसब्यात आमचं दोन खोल्यांचं घर, मागे लहानसं परसदार. घरात आई, मी आणि बायको. त्या पावसाळ्यात बायकोला क्षयाने धरलं. वैद्यबुवा म्हणाले, "यांना कोंडून ठेवू नका. सकाळचं ऊन लागू द्या. थंडी तेवढी सांभाळा. एवढा हिवाळा निभावला तर पुढे आशा आहे."

परसदाराला कुंपण नव्हतं. तिची खाट बाहेर ठेवली की विहिरीवर जाणाऱ्या बायका थांबून बघत, आपसांत कुजबुजत. ती म्हणाली, "मध्ये काही आडोसा करा. माझ्यापायी त्यांचं पाणी भरायचं राहतं."

मी बांबूची ताटी उभी केली. सिंहगडाच्या पायथ्याहून मोरवेलीची रोपं मुळांच्या मातीसकट आणली, शेजारी जाई लावली. वेलींतलं मला काही कळत नव्हतं. तिचे वडील कोकणात देवळाची बाग बघत, त्यामुळे ती खाटेवरून सांगे आणि मी करी. एकदा मी सुतळी घेऊन बसलो तर म्हणाली, "बांधू नका तिला. हिच्या पानाचा देठच काठीला वळसा घालतो. नुसती जवळ न्या. धरायचं असेल तर धरेल."

वेलीने धरलं. आणि त्या वर्षी थंडी पडलीच नाही. थंडीवाचून हरभऱ्याचं कसं होणार म्हणून लोक चिंतेत होते, मी मात्र मनातून देवाचे आभार मानत होतो. मार्गशीर्षात ताटी पांढऱ्या बारीक फुलांनी भरून गेली. पौषातही कोवळे शेंडे फुटत राहिले.

"हिवाळा सरत आला," मी एका सकाळी म्हटलं. "आता तू बरी होणार."

तिने वेलीकडे बघितलं. "यंदा हिला विसावाच मिळाला नाही. नुसती वाढतेय. मुळांत काही उरायचं नाही."

"तू वेलीचंच बोलतेस ना?"

"मग आणखी कुणाचं बोलू?"

माघात खोकल्यातून रक्त पडू लागलं. तिला बाहेर नेणं बंद झालं. दफ्तरातून आलो की मी दारात उभा राहून कुठला शेंडा कुठवर गेला ते तिला सांगत असे. मधेच जाईला वाळवी लागली आणि ती वाळून गेली.

"जाई कशी आहे?" तिने विचारलं.

"ठीक आहे."

"खोटं बोलायला दफ्तरात शिकवतात वाटतं," ती म्हणाली आणि हसली. त्या हसण्याने खोकल्याची उबळ आली ती लवकर थांबेना. आईने तिला पाठीला आधार देऊन बसवलं.

होळीच्या आधी, भर दुपारी ती गेली. मी दफ्तरात होतो. निरोप आला तेव्हा लेखणी खाली ठेवून मी उठलो, पण पायांत जोडे घालायचं सुचलं नाही. तापल्या फुफाट्यातून तसाच अनवाणी घरी आलो.

दिवसकार्य झाल्यावर कोकणात तिच्या वडिलांना भेटून आलो. त्यांनी मला जेवू घातलं, तिच्याविषयी एक शब्द विचारला नाही. निघताना फक्त म्हणाले, "आपण तिचं केलंत."

मी परतलो तोवर आईने ताटी मोडून चुलीपाशी रचली होती. वर्षाने तिने माझं दुसरं लग्न लावून दिलं.