शुद्धिस्थानाचा नाका

शुद्धिस्थान म्हणजे जकातनाका, असं मी एका मरणाला टेकलेल्या म्हातारीला सांगितलं. सांगून झाल्यावर मला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

तेव्हा मी परंडा तालुक्यात मिशनचा मास्तर होतो. गावात कॅथलिक घरं मोजकीच. फादर महिन्यातून एकदा सायकलवर यायचे. एरवी प्रार्थना आणि धर्मशिक्षण माझ्या गळ्यात. मी बोलायचो पुस्तकातलं: ‘पवित्रकारक कृपा’, ‘ऐहिक दंडाची परिपूर्ती’. माणसं माना डोलवायची, मला वाटायचं पोचतंय. फादर परदेशातले. एकदा त्यांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, “मास्तर, माझी मराठी मोडकी, तरी लोकांना कळते. तुमची का कळत नाही? सोपं बोला.”

झोंबलं. मग मी सोपेपणाच्या असा मागं लागलो, की सोप्यालाही घाम फुटावा.

नोव्हेंबर चालू होता. हा आमच्यात मेलेल्यांसाठी प्रार्थना करायचा महिना. म्हातारी अंथरुणाला खिळलेली. नवरा निजामाच्या काळातच वारलेला. तिनं विचारलं, “मास्तर, आमचं मालक आता कुठं असत्याल?”

मी सरसावलो. “आजी, भल्या माणसाचेही बारीकसारीक डाग राहतात. ते जाईस्तोवर देवाच्या दाराबाहेर, शुद्धिस्थानात, थांबावं लागतं. बार्शीला जाताना निजामाच्या हद्दीवर जकातनाका नव्हता का? गाडी थांबवायची, गाठोडी सोडायची, तपासलं की मग पलीकडं. तसंच.”

चुलीपाशी सून भाकरी थापत होती. तिचा हात थांबला. मी समजलो, जमलं.

“थांबवत्यात?” म्हातारीनं विचारलं.

“थोडा वेळ.”

“गाठुडी सोडत्यात?”

“व्हय.”

तिनं भिंतीकडं तोंड फिरवलं. जन्मात पहिल्यांदा माझं बोलणं कुणाला तरी पुरतं कळलं होतं.

सून माझ्यामागं बाहेर आली आणि तिनं सांगितलं. सासऱ्याला बैलगाडीत घालून बार्शीच्या दवाखान्यात चालवलं होतं. नाक्यावर गाडी अडवली. गाठोडी सोडली, परत बांधली, साहेब यायचा म्हणून पुन्हा बसवून ठेवलं. आडवी दांडी वर झाली तेव्हा गाडीत मढं होतं.

दुसऱ्या दिवशी मी दुरुस्तीला गेलो. “आजी, तो नाका उठला. निजाम गेला, विलीनीकरण झालं. आता तिथं कुणी अडवत नाही.”

ती माझ्याकडं वळली. “उठला? मग थांबल्याली माणसं आता सोडणार कोण?”

मी घाईघाईनं ऐहिक दंडाकडं वळलो. तिनं मान डोलवली नाही.

“कळंल असं बोला की मास्तर. काल बोलत हुता तसं.”

“आपली प्रार्थना सोडवते, आजी.”

“त्या दिशी नाक्यावरबी केल्ती.”

पुढं ती कुणाकडूनच काही घेईना. गळ्यातली जपमाळ काढून तिनं सुनेच्या हातात दिली. मेल्यावर नवं लुगडं नेसवू नका म्हणाली. नाक्यावर सोडून बघायला काही नको. मी फादरांना बोलावून आणलं. ते तिच्या उशाशी जमिनीवर बसले आणि त्यांच्या त्या सोप्या मराठीत म्हणाले, “आजी, देव नाकेदार नाही. देव बाप आहे.”

म्हातारीनं त्यांच्या गोऱ्या तोंडाकडं बघितलं. “तुमाला न्हाय कदी कुणी अडवलं.”

परत जाताना सायकल हातात धरून फादर वेशीपर्यंत चालतच गेले. मला एका शब्दानंही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

नाताळाच्या आत ती गेली. भ्यालेलीच गेली. रिकाम्या हातानं, जुन्या लुगड्यात पुरली तिला.

माती देऊन परतताना मला गप्प राहवलं नाही. सुनेला म्हटलं, “आजी आता मालकांना भेटल्या असतील.”

“कुठं?” तिनं विचारलं.

ती चार पावलं पुढं गेली आणि मागं न बघता म्हणाली, “मास्तर, माझी येळ आली की तुमी जरा परगावी जावा.”