शंकरपाळ्यांचा डबा आणि पिहूचा एक्स-रे

लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या भिलाईच्या क्वार्टरची बेल वाजली. दारात शेजारची रेशमा, कडेवर तिची तीन वर्षांची पिहू. मी हसत पुढे झाले, तर तिने एकदम विचारलं, "दीदी, आपके डिब्बे में पिन थी क्या?"

होती...

यंदा फराळ पिशव्यांतून द्यायचा नाही, असं मी ठरवलं होतं. जुन्या कॅलेंडरच्या जाड पानांचे डबे केले, वर लोकरीचा गोंडा. पहिले पंधरा-वीस नीट घड्या घालून, डिंकाने चिकटवून. मग कंटाळा आला आणि उरलेल्यांना सरळ स्टेपलर मारला.

सासूबाई म्हणाल्याही होत्या, "अवं, खायच्या वस्तूले पिना कावून मारून राहिली?" मी म्हटलं, "काही नाही होत, आई."

पिहूने सकाळी उठल्या उठल्या शंकरपाळ्यांचा डबा फाडून उघडला होता म्हणे. तासाभराने दूध नको, पाणी पाजलं तर तेही ओकून टाकलं. तोंडातून सारखी लाळ गळत होती. रेशमाचा नवरा ड्यूटीवर गेलेला. मी चप्पल घातली की नाही, आठवत नाही... स्कूटी काढली.

मागे रेशमा, आमच्या दोघींच्या मध्ये पिहू. सेक्टरमधले रस्ते फटाक्यांच्या कागदांनी लाल झाले होते. प्रत्येक डब्याला दोन पिना, दोन पिना... एवढंच डोक्यात.

हॉस्पिटलमध्ये एक्स-रे काढला. स्क्रीनवर पिन कुठेच नव्हती. छातीच्या वरच्या बाजूला एक पांढरीशुभ्र गोल चकती होती.

"सिक्का है?" रेशमाने विचारलं.

डॉक्टर तरुण मुलगी होती. तिने फोटो मोठा केला आणि तिचा चेहराच बदलला. "सिक्का नहीं है. किनारे पर दो गोल दिख रहे हैं ना? ये बटन सेल है. खाने की नली में अटका है, अंदर से जलाता है. अभी निकालना पड़ेगा."

पिहूला आत नेलं.

मी घरी फोन लावला, सासूबाईंना रेशमाकडे जाऊन बघायला सांगितलं. पाच मिनिटांत त्यांचाच फोन आला. "ते बॅटरीवाली पणती पलंगाखाली पडून हाय. खालचं झाकण उघडं, सेल नाही. अन् तुह्या डब्याच्या दोन्ही पिना जागेवर हायेत वं!"

तासाभरात दुर्बीण घालून सेल काढला. नळीला आतून भाजल्याचा डाग पडला होता. काही दिवस पातळच द्यायचं, पुन्हा तपासणीला आणायचं. "और देर करते तो नली में छेद हो जाता," डॉक्टर म्हणाली.

बाहेर रेशमाने माझे दोन्ही हात धरले. "दीदी, पिन का डर नहीं होता ना, तो मैं गला खराब समझ के सुला देती. आपने बचा लिया." आता शेजारीपाजारीही तेच म्हणतात. सासूबाईसुद्धा.

मी कोणालाही वाचवलेलं नाही. रस्ताभर मी देवाकडे काय मागत होते, सांगू? पिहू बरी होऊ दे, हे तर होतंच... पण त्याच्याही आधी, जे काही निघेल ते माझ्या हातचं नसू दे.

आणि स्क्रीनवर पिन दिसली नाही, त्या क्षणी मला हायसं वाटलं. लेकराच्या नळीत सेल जळत होता आणि मी सुटले म्हणून श्वास सोडला! मी अशी आहे, हे मला माहीतच नव्हतं. त्या एक्स-रेपेक्षा मोठा धक्का मला याचा बसलाय.

तुमच्या घरी अशा पणत्या असतील, तर त्यांचं झाकण आत्ता उठून बघा. स्क्रू नसेल तर लेकरांच्या हाताला लागू देऊ नका. आणि लेकरू गिळेनासं झालं, तर वाट बघत बसू नका.

पिहू काल पहिल्यांदा मऊ वरणभात जेवली. रेशमाला मराठी वाचता येत नाही, म्हणून इथे लिहायची हिंमत झाली... आज संध्याकाळी तिच्याकडे जाऊन हे सगळं तोंडाने सांगायचं आहे.