खिडकीत कूलर नव्हता

डॉक्टरांनी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि म्हणाले, "ल्युकेमिया आहे." म्हणजे रक्ताचा कॅन्सर. शेजारी बसलेल्या माझ्या यजमानांनी रिपोर्ट ओढून घेतला आणि पहिल्यापासून वाचायला लागले.

होळी नुकतीच झाली होती. नागपुरात सक्करदऱ्याच्या आमच्या घरामागचा कडुनिंब मोहरला होता. लग्नानंतर मीच लावलेला. मूलबाळ नाही, त्यामुळे सगळे लाड त्याचेच.

केमोथेरपी, म्हणजे कॅन्सरच्या पेशी मारणारं औषध, सुरू झाली आणि न्यूट्रोपेनिया झाला. जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशीच उरत नाहीत. मला हॉस्पिटलात वेगळ्या खोलीत ठेवलं. भेटायला बंदी. डॉक्टरांनी ह्यांना बजावलं, घरातही कुंड्या ठेवू नका, मातीत बुरशी असते.

हे रोज सकाळी मोबाइलवर निंबाचा व्हिडिओ पाठवायचे, खाली 'आजचा' असं लिहून. खारी, सातभाई पाखरं, हलणारा पाला. तोंडात इतके फोड आले होते की पाणी गिळवत नसे. पण त्या झाडाखाली परत बसायचं होतं, म्हणून गिळायची.

ताप हटेना, मुक्काम लांबला. मे उजाडला. एका व्हिडिओत फांदीमागे आमची खिडकी दिसली. खिडकीत कूलर नव्हता. नागपुरात, मे महिन्यात! आदल्याच दिवशी हे त्या खिडकीतल्या कूलरचा पंप रात्रभर घरघरतो अशी कटकट सांगत होते. मग नीट पाहिलं. झाडावर अजून मोहरच होता, निंबोळी एक नाही. व्हिडिओ आजचा नव्हताच. मी फोन लावला.

"तोडला वं," हे म्हणाले. "डॉक्टरनं बुरशीचं सांगतलं, मले भेव वाटलं. तोडायच्या आधी व्हिडिओ काढून ठेवले. तुले कसं सांगू?"

डॉक्टरांनी कुंड्यांचं सांगितलं होतं. झाडाचं नाही. मी फोन ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून रडले. आजारानं दगा दिला, तो परका होता. हे माझे होते.

पुढचे उपचार मी बहिणीकडे राहून घेतले. दसऱ्याच्या सुमारास रेमिशन आलं, म्हणजे तपासणीत आजार दिसेनासा झाला. डॉक्टर, सिस्टर सगळ्यांचे उपकार आहेत. ह्यांचेही आहेत, पण त्या 'आजचा'ची चीड अजून जात नाही. घरात असं आजारी माणूस असेल तर त्याला खरं सांगा. ते त्याला पेलतं.

घरी आले तर पलंगासमोर मोठा टीव्ही. त्यावर जंगल, पाखरं. हे रोज विचारतात, "लावू का?"

"राहू द्या," मी म्हणते. "पडदा सरकवा."

हे सरकवतात. निंब होता तेव्हा कधीच येत नव्हतं एवढं ऊन थेट माझ्या अंथरुणावर येतं.