साजटोलीचं आवतन

भाची बोलावते तेव्हा मावशीने जायचं असतं, मग ती जंगलात का राहीना, असं म्हणून मी सांगलीहून गोंदियाच्या गाडीत बसले. बरोबर भडंगाचा डबा, दोन शाली आणि बहिणीने लेकीसाठी दिलेली लोणच्याची बरणी. माझी ही भाची मुक्ता इंजिनिअर झाली आणि पुण्यातली नोकरी सोडून वर्धा जिल्ह्यात गोबरगॅस बांधत बसली, हे तिच्या आईला अजून पचलेलं नाही. "तू जाऊन बघून ये, पोरगी नक्की करते काय," असं तिने मला बजावलं होतं. थोडक्यात, पाहुणी म्हणून निघाले असले तरी मी हेर होते.

बडनेऱ्याच्या पुढे मुलूख सपाट होत गेला. कापूस वेचून झालेल्या पऱ्हाट्या, तुरीचे ढीग आणि मधेच पेटलेला एखादा पळस. समोर नाचणगावचे एक कारकून बसले होते. त्यांनी स्वतःच्या डब्यातली पाटवडी माझ्या हातावर ठेवली आणि मग विचारलं, "कुठं जाऊन राह्यल्या जी?"

"हिंगणीच्या पुढे, साजटोलीला."

"तिथं तं वाघ हाय."

"वाघाचं माहीत नाही, पण माझी भाची आहे."

"मंग ठीक हाय," ते म्हणाले आणि दुसरी पाटवडी दिली. पुलगावला उतरताना त्यांनी माझी बॅग खिडकीकडून आत सरकवून ठेवली, कारण म्हणे वर्ध्याला गर्दी चढते. गर्दी चढण्याआधीच मी उतरणार आहे, हे मी त्यांना सांगितलं नाही. इतक्या मायेने केलेलं काम चुकीचं आहे असं कसं सांगायचं?

वर्ध्याच्या फलाटावर मुक्ता उभी होती, उन्हाने करपलेली आणि अंगाने निम्मी झालेली. बहिणीला काय कळवायचं याचा मी तिथेच विचार करू लागले. आम्ही गोरसपाक (वर्ध्याची तुपातली बिस्किटं) घेतला, सेलूमार्गे हिंगणीच्या बसमध्ये बसलो आणि हिंगणीहून एका जीपने पुढे गेलो. बोर धरणाचं पाणी काही वेळ डाव्या हाताला सोबत करत होतं. मग साग आला, सागाच्या सावल्या आल्या आणि त्यांच्या शेवटाला साजटोली. ही गोंडांची वस्ती. घरांच्या दोन ओळी, एक उंचावर आणि एक खाली ओढ्याकडे. भिंती पांढऱ्या मातीने सारवलेल्या आणि अंगणं इतकी स्वच्छ की चप्पल घालून पाय टाकायला जीव धजेना.

आमचं जेवण खालच्या ओळीतल्या चंद्रकला उईके यांच्याकडे होतं. चंद्रकला बायकांच्या बचत गटाची अध्यक्ष. वय चाळिशीचं, बोलणं कमी आणि हात सतत कामात. तिने लाखोळीच्या डाळीचं वरण, सांबार (म्हणजे कोथिंबीर) घातलेली वांग्याची भाजी आणि ज्वारीची भाकर वाढली. घर धुराने भरलं होतं. कोपऱ्यात सरकारी योजनेतलं सिलिंडर होतं आणि त्यावर पिठाचा डबा ठेवला होता. "भरून आणाले सेलूपर्यंत कोन जाते अन् पैसा कोन देते? तवापासून त्याचं टेबल केलं," ती म्हणाली.

तेव्हा सरपण जंगलातूनच. इकडे त्याला जळतन म्हणतात. मागच्या हिवाळ्यात जळतनाची मोळी बांधताना चंद्रकलाच्या समोरून वाघाने तिची शेळी उचलली. ती मोळी तशीच टाकून घरी आली. "जातो अजून, नाई गेलो तं शिजन काय? पण आता हात कापते मावशी. कोयता धरला का कापते," असं तिने भाकर थापता थापता सांगितलं. (इकडे बायकाही 'जातो, येतो'च म्हणतात. पहिल्या दिवशी कानाला खटकतं, तिसऱ्या दिवशी आपणही म्हणू लागतो.)

म्हणून हा गोबरगॅस. आदिवासी वस्त्यांच्या ऊर्जेसाठी सरकारचं अनुदान असतं, आणि ते साजटोलीला मिळावं म्हणून चंद्रकलाने वर्ध्याच्या कचेरीचे उंबरे झिजवले होते. अर्धं अनुदान आलं. त्यात गावाचा सामाईक घुमट, म्हणजे शेणाची टाकी, बांधून झाला आणि वरच्या ओळीपर्यंत नळी गेली. उरलेलं अर्धं कचेरीतल्या साहेबांनी येऊन शेगडी नीट जळताना पाहिल्यावर मिळणार, आणि त्यातूनच नळी खालच्या ओळीत येणार. म्हणजे जिने एवढी पायपीट केली, तिच्याच घरी अजून धूर होता. साहेब पुढच्या आठवड्यात यायचे होते.

आणि शेगडी जळत नव्हती. म्हणजे पेटायची, पण भाताला आधण येईपर्यंत मान टाकायची. मुक्ताने गावातली जनावरं मोजून, एक जनावर किती शेण देतं त्याचा हिशेब करून घुमट बांधला होता. हिशेब मी तपासला, मी गणिताची मास्तरीण होते, आणि तो बरोबर होता. फक्त त्यातलं निम्मं शेण टाकीपर्यंत येत नव्हतं.

ते कुठे जातं याचा शोध मुक्ताला दुसऱ्या दिवशी पहाटे लागला. गावाबाहेर आखर आहे. सकाळी सगळ्या गावची गुरं तिथे जमतात, बराच वेळ बसतात आणि मग गायकी (गुराखी) त्यांना रानात नेतो. आखरावर शेणाचा सडा पडलेला. मुक्ताचे डोळे चमकले. तिने गटातल्या दोन बायका हाताशी घेतल्या आणि गुरं हलायच्या आत टोपल्या भरभरून शेण टाकीत नेलं. मीही साडीचा पदर खोचून एक टोपली उचलली. तेवढ्यात सीतारामबाबा मडावी आले. हेच गावचे गायकी, सत्तरीचे, काटक, डोक्याला लाल फडकं. त्यांनी शेण उचललेलं आखर पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, काठी खांद्यावर टाकली आणि घरी निघून गेले.

त्या दिवशी गुरं रानात गेली नाहीत, आणि दुसऱ्या दिवशीही नाही. दारोदार गाई हंबरत होत्या. कुणाची तरी गोऱ्ही सुटून हरभऱ्यात शिरली आणि वरच्या ओळीत भांडण जुंपलं. तेव्हा आम्हाला कळलं की आखरावर पडलेलं शेण गायक्याचं असतं. आजोबा-पणजोबांपासून तसंच आहे. तो त्याचा हक्क, त्याचं खत त्याच्या वावराला. मुक्ताने टोपल्या नेलेल्या बायकांना विचारलं, "मग मला सांगितलं का नाही?" त्या म्हणाल्या, "आमाले वाटलं, तुमी त्यायले इचारलं असन." अख्ख्या गावाला तेच वाटलं होतं.

मुक्ता माफी मागायला गेली. सीतारामबाबांनी तिला खाटेवर बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाले, "तुमचं काय चुकलं जी? सरकारचं काम हाय." एवढ्या अदबीने माणूस बोलला की समजावं, दार बंद झालं. मुक्ताने टाकीतून बाहेर पडणारा काला (शेणपाण्याचा पातळ गाळ) शेणापेक्षा चांगलं खत असतो, हे चित्र काढून समजावलं. ते "बरं," म्हणाले. हलले नाहीत. संध्याकाळी मी गेले, सोबत भडंगाचा डबा घेऊन. त्यांनी मूठभर खाल्लं, "तिखट हाय," म्हणाले, आणि तरीही हलले नाहीत. परत आले तर मुक्ता उशीत तोंड खुपसून रडत होती. लहानपणी गणित चुकलं की ती अशीच रडायची, आणि मला तिचं तेव्हाही वाईट वाटायचं नि थोडं हसूही यायचं. या वेळी हसू आलं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी चंद्रकला आमच्या दारात आली आणि म्हणाली, "मी इचारत फिरलो. घुमटाचा पाया खंदला तवा गावजेवण झालं. सगळ्यायले आवतन देल्लं. मामाजी गुरं घेऊन रानात गेलते. त्यायचं आवतन शेजारणीपाशी ठेवलं." मामाजी म्हणजे सीतारामबाबा.

"म्हणजे निरोप मिळाला ना त्यांना?" मुक्ताने विचारलं.

"निरोप म्हंजे आवतन नाई जी. दारात माणूस उभा राह्यला पायजे."

आवतन म्हणजे जेवणाचं आमंत्रण. ते दोनदा द्यायचं असतं. एकदा आधी दारात उभं राहून, आणि दुसऱ्यांदा पान वाढायच्या वेळी. हे दुसरं बलावणं आल्याशिवाय मानी माणूस उठत नाही. ज्या घुमटाचं पोट आपल्या शेणाने भरायचं, त्याच्या पायाच्या जेवणाला आपल्या दारात कुणी आलं नाही, हे सीतारामबाबांना तेव्हापासून सलत होतं. टोपल्या हे नुसतं निमित्त.

चंद्रकलाने वाटीत हळदीचे तांदूळ घेतले, पदर डोक्यावर घेतला आणि निघाली. मीही मागे गेले. ती त्यांच्या अंगणाबाहेर उभी राहिली.

"मामाजी, आवतन हाय. गॅसवर भाकर होईन, ते पहिली भाकर तुमची."

सीतारामबाबा खाटेवरून उठले नाहीत. "गॅस पेटन कसा? शेण तं माह्यापाशी हाय."

"म्हणून तं दारात आलो."

"अन् शेण टाकीत गेल्यावर माह्या हातात काय?"

"टाकीतून जे बाहेर निंघन, ते तुमचं. गावासमोर सांगतो."

त्यांनी डोक्याचं फडकं सोडून पुन्हा बांधलं. मग म्हणाले, "दुसरं बलावणं कोन करन?"

"मीच. भाकर तव्यावर टाकून येतो."

ते उठले आणि त्यांनी ओंजळ पुढे केली. चंद्रकलाने तांदूळ दिले तेव्हा माझे डोळे भरून आले होते. उगीच नाही म्हणत मी, मला हेर म्हणून पाठवणं ही माझ्या बहिणीची चूक होती.

मी चार दिवसांसाठी गेलेली बाई, मुक्काम वाढवला. रोज सकाळी आखरावर सीतारामबाबा स्वतः टोपली भरून द्यायचे आणि मी कोपरापर्यंत हात बुडवून शेण-पाणी कालवायचे. हळूहळू ज्योत उंच झाली. आधी चहा झाला, मग भात, मग डाळ.

साहेब आले ते भर दुपारी. मांडवाखाली शेगडी मांडली होती. चंद्रकलाने काडी लावली, आणि उन्हात ज्योत दिसेचना. साहेब वाकून म्हणाले, "ताई, ही पेटलेली नाही." त्यांनी हात पुढे केला आणि चटकन मागे घेतला. कुणी हसलं नाही, फक्त वरच्या ओळीतल्या एका म्हातारीने पदर तोंडाला लावला.

चंद्रकलाने तवा ठेवला, भाकर थापली, तव्यावर टाकली आणि मला म्हणाली, "मावशी, पलटवा." आणि चालू लागली.

"कुठे निघाल्या या?" साहेबांनी विचारलं.

"बोलवायला," मी म्हणाले. मला भाकरी पलटता येते, पण सांगलीच्या भाकरीची सवय वेगळी नि ही ज्योत वेगळी. एका बाजूला ती चांगलीच करपली. साहेब घड्याळाकडे पाहत होते, मुक्ता साहेबांकडे आणि मी भाकरीकडे.

सीतारामबाबा आले. धुतलेला सदरा, तेच लाल फडकं. त्यांच्यासाठी पाट मांडला होता. बसण्याआधी त्यांनी साहेबांना विचारलं, "तुमाले आवतन हाय का जी?"

"नाही बाबा, मी सरकारी कामाने आलोय."

"मंग उभे काऊन? माह्या आवतनात बसा."

त्यांनी करपलेल्या भाकरीचे दोन तुकडे केले आणि बरा तुकडा साहेबांना दिला. दोघं जेवले. सीतारामबाबांनी पाणी पिऊन निकाल दिला, "भाकर बरी हाय. धुराचा वास नाई, थोडी फिकी लागते."

जाताना साहेब म्हणाले, "मी शिफारस करतो. पुढचं वरच्यांच्या हातात." चंद्रकलाने मान हलवली. वरच्यांच्या हातात किती दिवस जातात, हे वर्ध्याच्या फेऱ्यांनी तिला शिकवलं होतं.

मी निघाले त्या दिवशी ती पुन्हा जळतनाला गेली होती. मोळी घेऊनच मला जीपपाशी भेटली. "लाइन माह्या घरी आली का आवतन देतो मावशी. येजा."

"फोन कर, लगेच येते," मी म्हणाले. "फोनवर?" तिने विचारलं आणि मोळी सावरून खालच्या ओळीकडे वळली.

घरी आल्यावर बहिणीला सांगितलं की पोरगी वाळली आहे, पण काळजी करू नको. ओट्यापाशी उभी राहून गॅस पेटवला की मला दर वेळी खालच्या ओळीतलं ते धुराने भरलेलं घर आठवायचं. आपण आयुष्यभर बटण फिरवत आलो आणि त्या ज्योतीमागे कुणाची ओंजळ आहे हे कधी विचारलं नाही. मुक्ताला फोनवर विचारावंसं वाटायचं, पण तीच काही बोलत नाही म्हणजे काही झालं नसणार, असं समजून मी गप्प बसायचे. उन्हाळा गेला, पावसाळा गेला.

दिवाळीच्या आधी एका सकाळी बेल वाजली. दारात मुक्ता, खांद्यावर पिशवी, डोक्यावर ओढणी. "अगं, न कळवता? आत ये," मी म्हणाले. ती उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. पळसाच्या पानाची पुडी उघडून तिने हात पुढे केला. आत हळदीचे तांदूळ होते.

"मावशी, साजटोलीत खालच्या ओळीत चंद्रकलाताईंच्या घरी जेवायचं आवतन आहे," ती म्हणाली. "फोनवर सांगू नको, दारात उभी राहून सांग, असं म्हणाल्या."

मी ओंजळ पुढे केली. तांदूळ घेताना विचारलं, "आणि दुसरं बलावणं?"

"त्या वर्ध्याच्या फलाटावर येऊन उभ्या राहणार आहेत."

तिला पुन्हा आत बोलवायचं राहूनच गेलं. मी तशीच माळ्यावरची बॅग काढायला वळले.