आकाशपाळण्याची तालीम

टेलरबाईच्या दुकानात शिरलेलं गिऱ्हाईक दोन गोष्टी घेऊन बाहेर पडायचं, शिवलेला कपडा आणि चार शब्द. 'तुमचं पोट सुटलंय, माझी मेजपट्टी आटलेली नाही,' असं ती भल्याभल्यांना तोंडावर सुनवायची. तरी लोक तिच्याकडेच यायचे, कारण तिच्या हातचा कपडा अंगाला जसा बसायचा तसा दुसऱ्या कुणाचा बसत नसे. नवरा शेजारच्याच गाळ्यात घड्याळं दुरुस्त करायचा. दिवसाला मोजून वीस शब्द बोलणारा माणूस. बाकीचे बायकोनं संपवले, त्याला शिल्लकच राहत नाहीत, असं त्याची बहीण म्हणायची.

त्यांना दोन मुली. थोरली अकरा वर्षांची, धाकटी सातची.

थोरलीला आवाज सोसायचा नाही. शेजारी कुकरची शिट्टी झाली, कुठे फुगा फुटला, की पोरगी टेबलाखाली जाऊन दोन्ही कान दाबून बसायची आणि पुढचा तासभर तिच्या वाऱ्याला उभं राहायची सोय नसायची. मानेवरचं लेबल तिला चावायचं, काखेतली शिवण टोचायची. मग आईनं तिचे सगळे कपडे शिवण बाहेर ठेवून शिवले. लोक म्हणायचे, 'अहो, पोरीनं फ्रॉक उलटा घातलाय.' टेलरबाई म्हणायची, 'तिचा सरळच आहे. तुम्ही आपला बघा.'

धाकटीचं सगळंच निराळं. तिला कितीही हललं तरी पुरायचं नाही. जागच्या जागी गोल फिरायची, धावत येऊन भिंतीवर आदळायची, गादीखाली शिरून 'माझ्यावर कुणीतरी बसा ना' म्हणून ओरडायची. तिला सगळे भिंगरीच म्हणायचे. एकीला जग फार होत होतं, दुसरीला कमी पडत होतं, आणि दोघी झोपायच्या एकाच खोलीत. आता काढा यातून वाट.

शाळेची सहल थीम पार्कला निघाली, तेव्हा हेडबाईंनी टेलरबाईला बोलावून घेतलं. आवाज अगदी लोण्यासारखा. 'त्या दिवशी दोघींना घरीच ठेवा हं. आम्ही जबाबदारी नाही घेऊ शकत. शिवाय तुम्हालाही तेवढीच विश्रांती.'

विश्रांती! टेलरबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. 'मी झोप लागत नाही म्हणून तक्रार घेऊन आले होते का तुमच्याकडे? शिकवण्याची जबाबदारी घेता ना? मग खेळण्याची घ्यायला काय धाड भरली?' खूप बोलली. पण बोलून काय व्हायचं होतं? दोन बस भरून पोरं गेली, दोन पोरी घरी राहिल्या.

सहलीचे फोटो शाळेच्या फळ्यावर लागले. त्यातल्या एका फोटोपुढे थोरली रोज मधल्या सुट्टीत जाऊन उभी राहायची. आकाशपाळण्याचा फोटो होता तो. मग घरी येऊन तो पाळणा काढायची. रोज एक. सगळ्यात वरच्या डब्यात एक माणूस, बाकी सगळे डबे रिकामे.

'हे कोण गं?' आईनं विचारलं.

'मी. वर आवाज नसतो. आवाज खाली असतो, तो वर पोचत नाही.'

बाईला रडण्यापेक्षा चिडणं सोपं जायचं, म्हणून ती चिडली. 'मी नेते तुला. त्याच पाळण्यात बसवते. बघतेच कोण अडवतो ते!'

थोरलीपुढे असलं काही बोलायची सोय नव्हती. तिच्या लेखी बोललेला शब्द म्हणजे झालेली गोष्ट. 'कधी?' तिनं विचारलं. मग दुसऱ्या दिवशी विचारलं. मग दर जेवणाला विचारायला लागली.

नणंदेनं ऐकलं आणि हात जोडले. 'वहिनी, कशाला जिवाचे हाल करून घेता? कोपऱ्यावरच्या बागेत झोपाळा आहे की. त्या पोरीला काय कळतंय कुठला पाळणा ते?'

'तुम्हाला कळतं त्याहून चार गोष्टी जास्तच कळतात तिला, ताई.' नणंद पंधरा दिवस फिरकली नाही. कुणाचं काही अडलं नाही.

आता टेलरबाई कापड फाडण्याआधी कागदावर बेतायची. कितीही घाईचं काम असो, आधी कागद, मग कात्री. तिनं सहलही तशीच बेतायला घेतली. पहिला फोन पार्कच्या चौकशीला. 'आमच्याकडे सगळ्यांसाठी धमाल आहे मॅडम,' पलीकडची मुलगी म्हणाली.

'ते असू दे. तुमच्या बाथरूममध्ये हात वाळवायचं मशीन आहे का? ते किती जोरात वाजतं?'

'म्हणजे... हात वाळतात, मॅडम.'

फोनवर भागेना, म्हणून एका सोमवारी दुकानाला कुलूप लावून बाई स्वतःच गेली. एकटी. दारावरच्या माणसानं दोनदा विचारलं, 'बरोबर मुलं नाहीत?' 'आहेत. मी आधी माप घ्यायला आलेय,' असं म्हणून ती आत शिरली आणि दिवसभर वही घेऊन हिंडली. कोणत्या खांबावर कर्णा आहे, तळणीचा वास कुठून सुरू होतो, सावलीतलं बाक कुठे आहे, कोणत्या खेळात एकदम भोंगा वाजतो, सगळं लिहिलं. प्रत्येक ठिकाणी डोळे मिटून पाच मिनिटं उभी राहिली. एका रखवालदारानं तर 'बाई, चक्कर येतेय का?' म्हणून पाणी आणून दिलं. आकाशपाळण्यापाशी मात्र ती अर्धा तास थांबली. गाणी नाहीत, भोंगा नाही, नुसती मोटरची घुंईघुंई. तिच्या शिलाई मशीनसारखीच. ते मशीन थोरलीला चालायचं, कारण ते कधी दचकवत नसे. टेलरबाईचा जीव भांड्यात पडला.

मग घरात तालीम सुरू झाली. जेवणाच्या खुर्च्या ओळीनं मांडल्या, ती रांग. सोफा म्हणजे पाळण्याचा डबा. शेवाळ्यासारख्या हिरव्या कापडाचा पट्टा शिवला. भिंगरीला गर्दीचं काम दिलं आणि ती एकटी पन्नास माणसांना भारी पडली. ढकल, रेट, अंगावर पड, सगळं करायची परवानगी! असली मजा तिला जन्मात कुणी दिली नव्हती. आवाजासाठी मिक्सर लावला. आधी दोन दारांपलीकडे, मग एका दारापलीकडे, मग दार उघडं टाकून. थोरली कानांवर जाडजूड हेडफोन चढवून, ओठ दाबून उभी राहायची. कधी जमायचं, कधी टेबलाखाली जायची. गेली की मिक्सर बंद, त्या दिवशीचं काम बंद.

आणि पाळणेवाला झाला होता घड्याळजी. त्याला दोनच वाक्यं होती आणि ती त्याला मनापासून आवडली होती. 'बसा. पट्टा लावा.' रोज संध्याकाळी दुकान बंद करून आला की हात धुऊन दाराशी उभा राहायचा. 'बसा. पट्टा लावा.' थोरली बसायची. पट्टा लावायची. दोन महिन्यांत साठ वेळा तरी बसली असेल.

जायच्या दिवशी पार्क उघडायच्या आधी चौघं दारात हजर. मनगटाला चिकटवायची कागदी पट्टी निघाली, ती काही वहीत नव्हती; त्या सोमवारी हातात नुसतं तिकीट दिलं होतं. थोरलीनं ती लागताच हात झटकून ओरडायला सुरुवात केली. टेलरबाईनं पट्टी सोडवली, कॉलरला खोचलेली सुई काढली आणि चार टाक्यांत बाहीवर शिवून टाकली. 'दिसतेय ना? मग झालं.' दारावरचा माणूस हसला आणि त्यानं आत सोडलं.

पुढचे दोन तास सगळं बेतल्यासारखं गेलं. भिंगरी गिरक्या घेणाऱ्या कपबशीत चार वेळा बसली. बाप तिच्याबरोबर एकदाच बसला आणि नंतर बराच वेळ झाड धरून उभा राहिला. हात पुसायला घरचा टॉवेल होता. तळणीच्या वासाला मागून वळसा घातला. आणि मग साडेअकराला आकाशपाळणा. रांगेत चाळीसेक माणसं होती. थोरली हेडफोन लावून, बोटं हवेत नाचवत उभी राहिली. आनंद झाला की तिची बोटं अशीच नाचायची. वीस मिनिटं उभी राहिली बरं का! एकदाही टेबल शोधलं नाही.

त्यांची पाळी आली आणि पाळणेवाल्यानं हात आडवा केला.

'हिला काय होतं?'

'काही होत नाही. बसायचंय तिला.'

त्यानं हेडफोनकडे पाहिलं, नाचणाऱ्या बोटांकडे पाहिलं. 'नाही बाई. अशी मुलं वर गेली की घाबरतात. मध्येच थांबवता येत नाही. आम्ही जबाबदारी नाही घेऊ शकत.'

परत तोच शब्द. टेलरबाईच्या डोक्यात तिडीक गेली. तिनं शेजारची नियमांची पाटी वरपासून खालपर्यंत मोठ्यानं वाचली. उंची किती हवी ते होतं. छातीचं दुखणं होतं, गरोदर बायका होत्या. 'यात हेडफोन कुठेय? बोटं कुठेयत? दाखवा मला!' तो म्हणाला, 'साहेबांना विचारावं लागेल.' ती म्हणाली, 'विचारा, बोलवा तुमच्या साहेबाला, त्याच्या साहेबालाही बोलवा! माझ्या पोरीला शाळेनं नाही म्हटलं, घरच्यांनी नाही म्हटलं, तुमचं आणि कशाला ऐकू? रांगेत उभी राहिली ना ती? कुणाला धक्का दिला? कुणाच्या मध्ये घुसली? मग कुणाच्या बापाचा पाळणा आहे हा?'

तिचा आवाज चढत चढत पार्कभर गेला असावा. मागची माणसं पुढे वाकून बघायला लागली. आणि मग तिला दिसलं, की थोरली खाली बसलीय. हेडफोनवरून दोन्ही हात दाबून, डोकं गुडघ्यात घालून. मिक्सरला सोसलं, गर्दीला सोसलं, आणि इथे पोरीला आडवं केलं ते आईच्या ओरडण्यानं. अख्ख्या पार्कचे आवाज तिनं वहीत लिहिले होते, स्वतःचा तेवढा लिहायचा राहिला होता. तिला वाटलं, संपलं. आता उचलून घरी न्यायची.

आई गप्प झाली. थोरलीनं मान वर केली. उठली. दाराकडे नाही गेली, पाळणेवाल्याकडे गेली.

'तुम्ही चुकलात,' ती म्हणाली.

'आं?'

'इथे असं नसतं म्हणायचं. इथे म्हणायचं, बसा. पट्टा लावा.'

तालमीत तिला कुणी कधी नाही म्हटलंच नव्हतं. बापाच्या वाटच्या दोन वाक्यांत तो शब्दच नव्हता, आणि ठेवायला हवा होता हे आईच्याही डोक्यात आलं नव्हतं. त्यामुळे पोरीला एकच गोष्ट कळत होती. या माणसाचं पाठांतर कच्चं आहे.

'अगं, पण मी काय सांगतोय...'

'परत म्हणा,' थोरली शांतपणे म्हणाली. 'चुकलं तर परत म्हणायचं असतं.'

रांगेत कुणीतरी खुदकन हसलं. कुणीतरी म्हणालं, 'म्हणा की हो! आम्हालाही बसायचंय.' पाळणेवाला पाटीकडे बघायला लागला. पाटीवर त्याच्या कामाचं काहीही नव्हतं. त्यानं आडवा हात खाली घेतला.

'बसा,' तो पुटपुटला. थोरली हलली नाही. 'पट्टा लावा,' तो जरा मोठ्यानं म्हणाला. 'पण मोठं माणूस बरोबर पाहिजे.'

टेलरबाई ताबडतोब पुढे झाली. थोरलीनं तिच्याकडे न बघताच हात आडवा केला. 'बाबा. आई नको. आई मोठ्यानं बोलते.'

घड्याळजी बायकोकडे बघत, अपराध्यासारखा, लेकीच्या मागोमाग डब्यात शिरला. दार लागलं. पाळणा हलला. टेलरबाई खाली राहिली. खरं सांगायचं तर तिला लागलं. चांगलंच लागलं. वही तिची, तालीम तिची, भांडण तिचं, आणि वर गेला दोन वाक्यांचा माणूस! आणि त्याच वेळी तिला असं वाटत होतं, की समोर कुणी असता तर त्याला हलवून सांगावं, 'बघितलंत? माझी पोरगी मलासुद्धा नाही म्हणते!' तिनं भिंगरीला पोटाशी इतकं आवळून धरलं, की एरवी कधी न पुरणारी भिंगरी म्हणाली, 'आई, पुरे.'

पाळणा खाली आला. 'काय म्हणाली?' तिनं नवऱ्याला हळूच विचारलं.

'काही नाही. मीही नाही.' त्याचे डोळे ओले होते. 'वर खरंच आवाज नाही गं.'

'परत,' थोरली पाळणेवाल्याला म्हणाली.

'परत बसायचं तर परत रांगेत उभं राहावं लागतं, ताई,' तो म्हणाला. या वेळी नीट म्हणाला, इतर सगळ्यांना सांगायचा तसंच.

थोरलीनं मान हलवली आणि एकटीच चालत रांगेच्या शेवटाला गेली. एका अनोळखी बाईच्या मागे, हातभर जागा सोडून उभी राहिली. बाकीची माणसं उभी होती तशीच. टेलरबाई तिच्या शेजारी जायला निघाली आणि चार पावलांवर थांबली. मग तिथेच, रांगेच्या बाहेरून, तिच्या बरोबरीनं पाऊल पाऊल पुढे सरकत राहिली. वीस मिनिटं. तोंडातून चकार शब्द नाही.

'बसा. पट्टा लावा,' पाळणेवाला म्हणाला. आता त्याचंही पाठ झालं होतं. 'बरोबर कोण?'

थोरलीनं आईकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

'आई. पण बोलायचं नाही. अजिबात.'

टेलरबाईनं 'हो' म्हणायला तोंड उघडलं, मिटलं, आणि नुसती मान हलवून आत जाऊन बसली.