वायादोलिदच्या लग्नातली माझी आई

माझी आई रेमेदियोस बार्बातेच्या मंडईत तीस वर्षं मासे विकायची. तिची आरोळी थेट बंदरापर्यंत ऐकू जायची. आम्ही दक्षिणेकडचे लोक शब्दाच्या शेवटचा ‘स’ गिळतो, मटाराला चिचारो म्हणतो. मीही तसाच बोलायचो. उत्तरेला वायादोलिदमध्ये नोकरी लागली आणि वर्षभरात मी सगळे ‘स’ घासूनपुसून जागेवर बसवले. साहेबच झालो म्हणा ना!

तिथल्याच एल्विराशी लग्न ठरलं. आमच्याकडे नवऱ्या मुलाला वेदीपर्यंत त्याची आईच हात धरून नेते. म्हणजे आईला टाळायची सोय नव्हती. हे लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा मनात हेच आलं होतं.

आदल्या दिवशी हॉटेलात तिने चिचारो मागितले. वेटर नुसता बघत राहिला. मी घाईघाईने तिथला शब्द सांगून सुटका करून घेतली. खोलीवर आल्यावर म्हणालो, “आई, उद्या जरा कमी बोल. इथले लोक हसतात.”

“हसू देत की! त्यांच्या बापाचं काय जातंय?”

“त्यांचं नाही, माझं जातं.”

तिने हातातली ओढणी घडी करून ठेवली. मग म्हणाली, “बरं, चानो.”

चर्चमध्ये ती काळी जाळीची ओढणी घेऊन माझ्याबरोबर ताठ मानेने चालली. नंतर मेजवानीत कुणी काही विचारलं की नुसती हसायची. शेवटी माझी सासू हळूच म्हणाली, “जावईबापू, विहीणबाईंना ऐकू येत नाही का हो?”

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणालो, “हो, जरा कमीच येतं.”

आई आमच्यापासून दोन हातांच्या अंतरावर उभी होती. तिच्या कानांना काय धाड भरली होती? तिने सगळं ऐकलं. माझ्याकडे पाहिलंही नाही. कानामागे हात धरून ती सासूबाईंकडे वाकली आणि म्हणाली, “आँ?”

मग दिवसभर लोक तिच्या कानात ओरडत राहिले आणि माझं खोटं उघडं पडू नये म्हणून ती ‘आँ, आँ’ करत राहिली.

संध्याकाळी मला ते सोसेना. ती बागेत पाहुण्यांमध्ये पाठमोरी बसली होती. सगळ्यांदेखत तिची माफी मागायची असं ठरवून मी गेलो आणि बार्बातेच्या बोलीत, पोटातून हाक मारली, “आई!”

सगळे पाहुणे वळले. ती वळली नाही.