शोना म्हणी पाठ करून कोलोनला

मोठ्या भावाच्या गुडघ्याचे ऑपरेशन झाल्याने जर्मनीला जाण्याचे काम माझ्याकडे आले. पुतण्या पुष्कर स्टुटगार्टजवळ ब्योब्लिंगेनला मोटारींच्या कंपनीत अभियंता आहे. त्याच्याच कचेरीतील झिंबाब्वेच्या चिपोशी त्याला लग्न करायचे आहे. तिच्या घरात अंतिम शब्द थोरल्या काकांचा. ते कोलोनला राहतात. वराकडील वडीलधाऱ्याने समोर यावे आणि त्यांच्या शोना भाषेतील म्हणींनी बोलणे सुरू करावे, ही त्यांची अट. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर; तयारीशिवाय कोठे जात नाही. चिपोने पाठवलेल्या म्हणी मी पुण्यातच अर्थांसह पाठ केल्या.

शनिवारी पुष्कर, चिपो आणि मी एस-बान या लोकल गाडीने स्टुटगार्टला आणि तेथून आयसीई या वेगवान गाडीने कोलोनला निघालो. जाणाऱ्यांनी तिकीट बरेच आधी काढावे, म्हणजे स्वस्त पडते. आसनाचे आरक्षण वेगळे घ्यावे लागते आणि डॉइचलँड-टिकिट हा मासिक पास या गाडीला चालत नाही. गाडी उशिरा सुटली.

माझी चुळबुळ पाहून पुष्कर म्हणाला, "काका, जर्मनी वक्तशीर आहे हे आता फक्त पुण्यातच मानतात."

"मग इतकी वर्षे तूच तर सांगत होतास!"

"गेनाऊ, अगदी बरोबर. तेव्हा मी कारने फिरायचो."

कोलोनला स्थानकाबाहेर पाऊल टाकताच कॅथीड्रल अंगावर येते. जवळच बटाट्याच्या किसाची गरम थालीपिठे सफरचंदाच्या गरासोबत मिळाली. अंडे चालत असेल तर शाकाहारींची उत्तम सोय.

चिपोचे काका निवृत्त शिक्षक. त्यांच्या घरी पोहोचताच चिपोने शिकवल्याप्रमाणे मी तळवे जुळवून हलक्या टाळ्या वाजवल्या आणि म्हणी सुरू केल्या. पाहुण्याला वाढताना हात आखडू नये, अशा आशयाची पहिली. मग एकोप्याची, मग वडिलांच्या सल्ल्याची. एकही उच्चार चुकला नाही.

"छान," काका म्हणाले आणि खिडकीबाहेर पाहू लागले. काकू स्वयंपाकघरात निघून गेल्या. पुष्करचा चेहरा उतरला.

चिपोने मला बाल्कनीत नेले. "काका, तुम्ही त्यांना बोलूच देत नाही आहात! अर्धी म्हण तुमची, उरलेली त्यांची. त्यांनी ती पूर्ण केली, तरच बोलणे पुढे जाते."

"हे आधी का नाही सांगितलेस?"

"आमच्याकडे हे कुणाला सांगावे लागत नाही."

आत येऊन मी पुन्हा टाळ्या वाजवल्या, पाहुणचाराच्या म्हणीचा पूर्वार्ध म्हटला आणि थांबलो. उत्तरार्ध जिभेवर होता. तो आवरणे पाठांतराहून अवघड गेले. काकांनी वळून पाहिले, तोंड उघडले, तोच स्वयंपाकघरातून काकूंनी ती खणखणीत पूर्ण केली.

"अगं, ते मला विचारत होते!" काका ओरडले. सगळे हसलो.

मग त्यांनी अर्धी म्हटली, मी पुरी केली. असे बराच वेळ चालले. शेवटी ते रिवाजाप्रमाणे चिपोकडे वळले. "या लोकांना तू ओळखतेस का?"

"ओळखते," ती म्हणाली. हाच तिचा लग्नाला होकार.

"मग जेवायला बसवा त्यांना." मक्याच्या पिठाचा घट्ट सादझा आणि शेंगदाण्याचा कूट घातलेली पालेभाजी. हाताने जेवायचे, त्यामुळे मी घरच्यासारखा जेवलो.

लग्न उन्हाळ्यात ब्योब्लिंगेनला आहे. पुण्याला परतल्यापासून दर रविवारी काकांचा फोन येतो. नमस्कार झाला की ते अर्धी म्हण टाकतात आणि गप्प बसतात. कॅथीड्रलची छायाचित्रे मी एकदाच पाहिली; या फोनची मात्र वाट पाहतो. गेल्या रविवारची म्हण मी कधी ऐकलीच नव्हती. "ही येत नाही," असे स्वच्छ सांगितले.

"उत्तम," ते म्हणाले. "म्हणजे लग्नाआधी आठवडाभर लवकर यावे लागेल तुम्हाला."